रक्त केव्हा द्यावे?

विदर्भातील बौद्ध कुटुंबांना सिकलसेल हा आजार अपरिचित नाही. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, देवीचा कोपही नव्हे. मातापित्यांकडून अपत्याकडे येणारा तो रक्तातील दोष आहे. देवऋषी सोडून आमची माणसे आता दवाखान्याची पायरी चढतात, ही धर्मांतराची मोठीच कमाई होय. परंतु तेथेही एक नवी अंधश्रद्धा मूळ धरीत आहे. रक्ताची बाटली म्हणजे शक्तीचे औषध, असे समजून हिमोग्लोबिन ८ दिसताच नातेवाईक रक्तासाठी हट्ट धरतात.

वस्तुस्थिती अशी आहे की, या आजाराच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन एरवीही ७ ते ९ ग्रॅमच असते व देहास त्याची सवय झालेली असते. केवळ तो आकडा पाहून किंवा केवळ हातपाय दुखतात म्हणून रक्त देणे वैद्यकशास्त्रास मान्य नाही. वारंवार रक्त दिल्याने देहात लोह साचते, पुढे जुळणारे रक्त मिळणे कठीण होते. हिमोग्लोबिन १० च्या वर चढविल्यास रक्त दाट होऊन त्याचा प्रवाह अडतो. उलट, मूल एकाएकी पांढरेफटक पडले, डाव्या कुशीत प्लीहा फुगली, छातीत दुखून धाप लागली किंवा अर्धांगाची लक्षणे दिसली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठलेच पाहिजे. तेथे रक्तानेच प्राण वाचतो.

अशा वेळी दारातून परत लावणे हा अन्याय आहे. निकडीचा उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात १९९६ साली दिला. २००८ साली समीरा कोहली खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे लाभ, धोके व पर्याय समजावूनच रुग्णाची संमती घ्यावी. तात्पर्य, रक्त मागण्याचा हक्क जसा आमचा, तसाच ‘हे रक्त कशासाठी?’ असे विचारण्याचा हक्कही आमचाच.

म्हणून प्रत्येक घराने रुग्णाचा रक्तगट, त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन व पूर्वी दिलेल्या रक्ताची नोंद एका वहीत जपावी. प्रत्येक विहाराने रक्तदात्यांची यादी ठेवावी आणि विवाहापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरावा. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे बजावले. तो उपदेश दवाखान्यातही तितकाच लागू आहे.