विहिरीचे पाणी, भूकंप आणि गुरुत्वमापन

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली मार्च व जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. जमीन हादरली की विहिरीचे पाणी पळते, ही खेड्यापाड्यांतील जुनी समजूत होय. ती अगदीच निराधार नव्हे. धक्क्याने खडकातील भेगा उघडतात किंवा मिटतात आणि पाण्याची पातळी हलते. परंतु एवढ्यावरून कर्ज काढून विहीर खोल करणे हिताचे ठरेल काय?

भूगर्भातील पाणी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीनेही कळते, असे आता शेतकऱ्यांच्या कानी येते. त्यात तथ्य आहे. पाण्याला वजन असल्यामुळे त्याचा साठा वाढला की तेथील गुरुत्वाकर्षण किंचित वाढते. किंचित म्हणजे किती? ज्या मापाने पृथ्वीची ओढ सुमारे ९८ कोटी भरते, त्या मायक्रोगॅल नावाच्या मापाने एक मीटर जाडीचा पाण्याचा थर अवघा ४२ भरतो. त्यातही इंझोरीच्या परिसरात मातीखाली काळा पाषाण. अशा झिजलेल्या पाषाणात शंभर घनफुटांमागे मिळण्याजोगे पाणी दोनेक घनफूटच! तेव्हा पाणी साडेतीन मीटर चढले तरी यंत्रावर वाढ दिसते ती सुमारे ३ ची. उलट, भूकंपाने जमीन केवळ एक सेंटिमीटर उचलली गेली, तर पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर वाढून जवळजवळ तेवढीच घट येते. दोन्ही गोष्टी एकदम घडल्यास काहीच घडले नाही असे यंत्र सांगेल. विहीर मोजलेली असेल तरच उलगडा व्हावयाचा.

२००२ साली सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील भूजलाची घट दाखवून दिली, हे काम मोठेच. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरांच्या प्रदेशावर असे. एका शिवारातील विहीर तिला दिसत नसे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. दोन मोजण्यांच्या मध्येच धक्का बसला तर? यासाठी ग्रामकार्यकर्त्याने गावातील दोन-तीन विहिरी निवडून दर आठवड्यास टेपने मोजाव्यात व पावसाची नोंदही ठेवावी. दोन-तीन वर्षांची वही हाती असली म्हणजे धक्क्यानंतर उतरलेले पाणी नेहमीच्या उन्हाळी उताराइतकेच आहे की अधिक, हे सांगता येते. वही नसली की पाणाड्याचेच ऐकावे लागते. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी आणि काठावरील एकाच खुणेपासून करावी.