भौतिकशास्त्र शिकून पोट भरते का?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे मान्य करूनच लेखणी हाती घेतली आहे. लिहिण्यास कारण झाली ती आमचीच एक चूक.

दहावीपर्यंत आमच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी पुढे बी.एस्सी.ला गेली. भौतिकशास्त्र तिच्या आवडीचे. गणित ठेवावे की त्याऐवजी दुसरा विषय घ्यावा, हे विचारायला ती आमच्याकडे आली. आम्ही म्हणालो, "झेपेल तो घे. पदवी मिळाल्याशी कारण." पदवी मिळाली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एक जाहिरात तिच्या पाहण्यात आली. पद हवाई वाहतूक नियंत्रणातील कनिष्ठ कार्यकारी अधिकाऱ्याचे, वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये. आणि विज्ञान पदवीधरासाठी अट अशी की, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय हवेत. जाहिरात आमच्यापुढे ठेवून तिने एवढेच विचारले, "सर, तेव्हा तुम्हाला हे माहीत नव्हते ना?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो अधिक बोचला.

अभियांत्रिकीला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी., आणि बी.एस्सी. झाली म्हणून बी.एड., ही आपल्याकडे रुळलेली वाट आहे. शिक्षकी पेशा आम्हाला कमी वाटत नाही; उभी हयात आम्ही त्यातच घालवली. परंतु भरतीची वाट पाहत तासिका तत्त्वावर राबणारे पदवीधर आम्ही रोज पाहतो. त्यांची बुद्धी कमी पडलेली नाही; वेळेवर मिळायला हवी होती ती माहिती कमी पडली.

वाटा पुष्कळ आहेत. भारतीय हवामान विभागात वैज्ञानिक साहाय्यकाचे पद भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यास मिळू शकते. त्याचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. एम.एस्सी. केल्यास कक्षा रुंदावते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयात निवड झाली, तर वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण आणि ते यशस्वीपणे पूर्ण केल्यावर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते. मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूभौतिकतज्ज्ञ आणि पेटंट कार्यालयातील परीक्षक हीदेखील त्याच वेतनस्तराची पदे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोत्सर्गाची मात्रा किती व कशी द्यावी, याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ प्रत्येक किरणोपचार केंद्राला आवश्यक असतो. एम.एस्सी.नंतर त्यासाठीची पदविका भाभा अणुसंशोधन केंद्रातच, म्हणजे मुंबईत, करता येते.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धर्मांतर १९५६ साली झाले. परंतु केंद्राच्या सेवेत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली. मधली चौतीस वर्षे आपल्या एका पिढीला ही दारे बंदच होती. आज ती उघडी आहेत. मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. अर्जाची मुदत संपता संपता हे कळते आणि हातची संधी जाते.

"ज्ञान पगारासाठी घ्यायचे का?" असे काही ज्येष्ठ आम्हाला विचारतात. प्रश्न उदात्त आहे. पण ज्या घरात आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात, त्या घरातील पहिल्या पदवीधराने पगाराचा विचार करणे यात हलकेपणा कसला? सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचाच एक भाग आहे. विमान सुखरूप उतरवणे आणि रुग्णाच्या उपचाराची मात्रा अचूक ठरवणे, याहून सम्यक काम कोणते? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. विज्ञान आपल्या मुलांना पेलेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ती आम्हा शिक्षकांच्या मनात का असावी?

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. देणगी द्याच, पण वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन मुलांमध्ये बसा. आपण कोणती परीक्षा दिली, कोणते विषय लागले, कोणता कागद अडला, ते सांगा. पालकांनीही अकरावीचा आणि बी.एस्सी.चा अर्ज भरण्यापूर्वी एवढे विचारावे, की गणित सोडल्यास पुढे काय काय बंद होईल?

ती मुलगी आता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे, भूभौतिकतज्ज्ञाच्या परीक्षेची तयारी चालू आहे. यंदा ती शाळेत आली, तेव्हा तिने दहावीच्या फळ्यावर एका बाजूला पदे आणि दुसऱ्या बाजूला त्यांना लागणारे विषय लिहून दिले. मुलांबरोबर आम्हीही ते वहीत उतरवून घेतले.