प्रबंधाचाही सत्कार व्हावा

फ्रान्समधील तुलूझ येथे जॉर्ज जिराल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ‘हिलार’ या फिरत्या यंत्रमानवाचे काम हाती घेतले. भोवतालचा अदमास घेऊन स्वतःचा मार्ग स्वतः आखणारे यंत्र, ही त्या काळी धाडसी कल्पना होती. आज युरोपात यंत्रमानवशास्त्रातील उत्कृष्ट पीएच.डी. प्रबंधाला दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार जिराल्ट यांच्याच नावाचा आहे. यंत्र बाजारात येण्याची वाट न पाहता, त्यामागील मूक ज्ञानसाधनेचा तेथे गौरव होतो.

पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत घडलेल्या, बॉम्ब निकामी करणाऱ्या ‘दक्ष’चा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु असे यंत्र घडविणारी बुद्धी ज्या संशोधनातून सिद्ध होते, त्याची दखल समाज घेतो काय? मुलाच्या वेतनाचा आकडा आपण चारचौघांत सांगतो. एकाच प्रश्नाशी चार-पाच वर्षे झुंजणाऱ्या मुलीला मात्र ‘अजून शिकतेच आहेस?’ असे विचारतो. गावोगावच्या व्याख्यानमालांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी प्रतिवर्षी अशा एका तरुण संशोधकाला व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे. शाल-श्रीफळ तर द्यावेच. पण त्याआधी तासभर त्याचा विषय ऐकून घ्यावा.