डायलिसिसचा उतारा

वाचकहो, ऊस कारखान्यावर गेला की आपण आधी विचारतो, उतारा किती पडला? प्रवरानगर काय, संगमनेर काय, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न शाळकरी पोरालाही ठाऊक. पण घरातले माणूस डायलिसिस करून आले, की "झालं का?" एवढेच विचारतो. रक्त किती धुतले गेले, हे विचारायचे राहूनच जाते. तेही मोजता येते, मंडळी.

मूत्रपिंड थकले की युरिया रक्तात साठतो. म्हणून डायलिसिसच्या आधी एकदा आणि संपताना एकदा रक्त तपासतात. ही तपासणी साधारण महिन्याला व्हावी. समजा, आधी युरिया १५० होता, नंतर ४५ राहिला. १०५ गेला, म्हणजे शेकडा ७०. आठवड्याला तीन वेळा जाणाऱ्याचा हा आकडा निदान ६५ असावा. नुसता कमी युरिया पाहून मात्र खूश होऊ नका. माणूस जेवेनासे झाले तरी युरिया कमीच दिसतो!

दुसरे माप 'केटी बाय व्ही'. अमेरिकेतल्या गॉच आणि सार्जंट यांनी १९८५ साली ते पुढे आणले. नाव अवघड, हिशेब मोटारीच्या पाण्याचा. मिनिटाला किती रक्त साफ होते, ते किती मिनिटे चालले, याचा गुणाकार करायचा आणि अंगातल्या एकूण पाण्याने भागायचे. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे ३५ लिटर पाणी. मिनिटाला २०० मिलिलिटरप्रमाणे चार तासांत ४८ लिटर, भागाकार १.३७. किमान १.२ हवे, तेव्हा ठीक. आता एस.टी. चुकेल म्हणून तो तासभर आधी उठला, तर ३६ लिटरच होतात आणि आकडा येतो १.०३. अकोले-पाथर्डीकडून येणाऱ्याची घाई आम्हांला कळते. पण तास कापण्यापेक्षा सकाळची पाळी मागून घ्यावी. आठवड्यातून दोनदाच जाणाऱ्याला तर १.२ सुद्धा पुरत नाही. लघवी किती होते ते पाहून डॉक्टर त्याचा हिशेब वेगळा करतात.

वेळ पुरा देऊनही आकडा घसरला, तर हातावरचा फिस्टुला अरुंद झाला असेल. त्यावर बोटे ठेवून थरथर लागते का, हे रोज पाहावे. न लागल्यास त्याच दिवशी केंद्र गाठावे. त्या हाताने खताची गोणी उचलू नये, त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये. कधी आकडा उगाच फुगतोही. शेवटचा नमुना पंप मंद करून घ्यायचा असतो. तसे केले नाही तर नुकतेच धुतलेले रक्त त्यात मिसळते.

केंद्र सरकारने २०१६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गरीब कुटुंबांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसची योजना आहे. पैसे लागोत न लागोत, आकडा विचारायचा हक्क सर्वांचाच. डेअरीच्या वहीत फॅट लिहिता तशी एक वही करा : तारीख, आधीचे वजन, नंतरचे वजन, किती तास, आणि महिन्याचा उतारा.