पाणी बाईचे, पाना कोणाचा?

घरात पाणी कोण भरते, हे कोणाला सांगायला नको. नळ पहाटे साडेचारला येणार असेल तर गजराचे घड्याळ बाईच्याच उशाशी असते. माठ घासणे, फिल्टर धुणे, तुंबलेल्या मोरीत हात घालणे ही कामे तिची. पण मोरीतला पाइप पुढे कुठे जातो, संडासची टाकी अंगणात नेमकी कुठे पुरली आहे, ती शेवटची कधी उपसली, असे विचारले की उत्तर येते, ‘यांना माहीत.’ वस्त्यांमधल्या बैठकांत हे उत्तर आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. आणि ‘यांना’ विचारायला जावे तर बहुधा त्यांनाही माहीत नसते!

कष्ट एकीकडे आणि माहिती, पैसा व निर्णय दुसरीकडे, ही वाटणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. पाण्याच्या बाबतीत तिची किंमत आजारपणात मोजावी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळच येते. ते बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचे. म्हणून नळ सुटल्यावर येणारे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, आणि गळका सांधा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडू नये. घरात जुलाब लागले की रात्र जागते ती बाई. प्लंबरला बोलवायचे की नाही, हे मात्र तिच्या हाती नसते. खरे तर मुख्य व्हॉल्व बंद करून नळाचा वायसर बदलणे हे पाना हाती घेतला तर थोड्या वेळाचे काम आहे. पाना धरायला मिशा लागत नाहीत.

फिल्टरचेही तसेच. कँडल मऊ ब्रशने, स्वच्छ पाण्याखाली घासावी. साबण लावू नये. तडा गेला की बदलावी. कँडल गाळ अडवते, सगळे रोगजंतू नाही, म्हणून साथीच्या दिवसांत पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकावेत. आईच्या काळजीला हात घालणाऱ्या जाहिराती पाहून हप्त्यावर आरओ यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते. कारण हे यंत्र पुष्कळ पाणी वाया घालवते. त्याच वर्षी सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण? त्यांच्या हाती किट आले का? ग्रामसभेत हे विचारायला हवे.

आता ज्याविषयी कोणीच बोलत नाही त्या टाकीकडे वळू. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. नाही उपसला तर गाळ वाहून शोषखड्ड्यात जातो, तो बुजतो, आणि घाण जवळच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. संडासात अ‍ॅसिड आणि फिनेल भरमसाट ओतले तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. पॅड टाकल्याने पाइप तुंबला की बोल सुनेला नाहीतर मुलीला लागतो. पण संडासात झाकणाचा डबा ठेवलेला नसेल आणि पॅड घेऊन चारचौघांसमोरून जाण्याची लाज आपणच शिकवली असेल, तर तिने करावे काय?

टाकी भरली की घाईघाईने ‘कोणीतरी माणूस’ शोधला जातो. तो कोणत्या जातीचा असतो, हे आपण विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक असते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेला असतो. एकजण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत तीन कामगार टाकीत मरण पावले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आपल्या घराची स्वच्छता दुसऱ्या बाईचे घर उजाड करून होत असेल, तर त्या स्वच्छतेचे कौतुक कोणी करायचे?

दुसरा मार्ग आहे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी एकदा या हिशेबाने घरोघरच्या टाक्या गाडीने उपसण्याची व्यवस्था बसवली. आपल्या गावात अशी गाडी आहे का, तिचे दर काय, उपसलेला मैला कुठे नेऊन ओततात, हे प्रश्न महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत घ्या.

आणि तोवर घरी एवढे करा. मुख्य व्हॉल्व, पाइप, टाकी आणि तिचे झाकण यांचा एक साधा नकाशा काढून स्वयंपाकघरात लावा. त्याखाली टाकी उपसल्याची आणि कँडल बदलल्याची तारीख लिहा. पाना मुलीला द्या, फिल्टर मुलाला धुवायला लावा. आणि झाकण उघडून कोणी माणूस आत उतरू लागला तर दारात उभे राहून सांगा, ‘आमच्या टाकीत माणूस उतरणार नाही.’ हे सांगण्याचा अधिकार घरातल्या बाईलाही आहे. तो वापरायचा, एवढेच.