शिवडीत जोडलेली ‘अमेरिकन’ गाडी

१/ मुंबईत एखादी जुनी शेव्हरोलेट, डॉज किंवा प्लायमाउथ विक्रीस निघते, तेव्हा जाहिरातीचे शब्द बहुधा ठरलेले असतात. मूळ अमेरिकन. इम्पोर्टेड. राजघराण्यातील. छायाचित्रात कोरा करकरीत रंग, आरशासारखे क्रोम, पांढऱ्या पट्ट्यांचे टायर. ती गाडी कुठे आणि कुणाच्या हातांनी जोडली गेली, याविषयी मात्र एक ओळही सापडत नाही.

२/ ही ओळ कधी अज्ञानामुळे गळते, कधी हिशेबाने गाळली जाते. ‘डेट्रॉइट’ या शब्दाला बाजारात भाव आहे, ‘शिवडी’ला नाही. त्यामुळे या शहराच्या औद्योगिक इतिहासातला एक सबंध अध्याय दर विक्रीगणिक थोडाथोडा पुसला जात आहे. आणि ज्या कामात तो पुसला जातो, त्याला नाव मात्र ‘जीर्णोद्धार’ असे मिळते.

३/ जीर्णोद्धार म्हणजे काय होऊ शकते, हे महाराष्ट्रातल्या इतिहासप्रेमींना वेगळे सांगायला नको. गावकरी श्रद्धेने मंदिर दुरुस्त करतात, आणि त्याच उत्साहात शिलालेखावर ऑइल पेंटचा जाड थर चढतो. वीरगळ शेंदराखाली जातो. मंदिर झळकते, पण लेख वाचता येत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे.

४/ आता मूळ लेख वाचू. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत, शिवडी येथे, मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. भारतातल्या अशा पहिल्या कारखान्यांपैकी तो एक. शेव्हरोलेट आणि कंपनीच्या इतर नावांच्या मोटारी, तसेच ट्रक येथे तयार होत. परळ आणि लालबागच्या गिरणगावाला खेटून असलेली ही जागा. एका हाताला गोदी, दुसऱ्या हाताला कामगारांच्या चाळी.

५/ शिवडीच का? तयार मोटार जहाजातून आणणे म्हणजे बरीचशी हवाच वाहून आणणे. तीच गाडी सुट्या भागांत, लाकडी खोक्यांत भरली, तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त माल मावतो आणि भाडे वाचते. पुढे उरते ती जोडणी. गोदी, रेल्वे आणि यंत्रावर हात बसलेले मनुष्यबळ, या तिन्ही गोष्टी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एकत्र सापडत होत्या.

६/ १९२८ हे साल गिरणगाव दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवते. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. एकाच वर्षी, एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांत, एकीकडे चूल विझलेली आणि दुसरीकडे शेव्हरोलेट चाकांवर उभी राहत असलेली. ‘रम्य जुनी मुंबई’ विकणाऱ्या जाहिरातींत हे चित्र बसत नाही.

७/ ‘नुसती जोडणी’ असे म्हणून हे काम हिणवणाऱ्यांनी ते समजून घ्यावे. त्या काळच्या शेव्हरोलेटच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर पत्रा चढवलेला असे. चासीवर ॲक्सल आणि इंजिन बसवणे, दारे खटका न करता मिटतील अशी बेतणे, रंग मारणे, गाद्या शिवणे, वायरिंग करणे, शेवटी गाडी चालवून तपासणे: हे सगळे येथेच होत असे. सुतार, लोहार, शिंपी, रंगारी आणि फिटर या पाच धंद्यांची मेहनत एका मोटारीत उतरत असे.

८/ ट्रकांच्या बाबतीत स्थानिक वाटा आणखी मोठा. ट्रक अनेकदा चासी, इंजिन आणि दर्शनी भाग एवढ्याच रूपात गिऱ्हाइकाला मिळे. मागची लाकडी बॉडी, फळ्या आणि कित्येकदा केबिनसुद्धा येथले कारागीर बांधत. अशा ट्रकला ‘अमेरिकन’ म्हणणे म्हणजे पाया पाहून घराचा मालक ठरवण्यासारखे आहे.

९/ ‘मूळ अमेरिकन’ हा दावा तर भूगोलाच्या कसोटीवरही डळमळतो. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ साली स्थापन झाली, ती अमेरिकन नव्हे तर कॅनडाच्या फोर्ड कंपनीची शाखा म्हणून. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक बाजारपेठा कॅनडाच्या कंपनीकडे होत्या. साम्राज्यातल्या मालाला जकातीत झुकते माप मिळे. त्यामुळे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या एखाद्या गाडीच्या वंशावळीत कॅनडा आणि मुंबई, दोन्ही असू शकतात.

१०/ दुसऱ्या महायुद्धात या जोडणी कारखान्यांचा मोहरा लष्करी वाहनांकडे वळला. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेले ट्रक आणि जीप लिलावात निघाल्या आणि नागरी वाहतुकीत शिरल्या. सैन्याचा हिरवा रंग खरवडून त्याच चासीवर मालवाहू बॉडी चढली. या वाहनांचे हे पुनर्जन्म कोणत्याही विक्रीपत्रकात नोंदलेले नसतात.

११/ शिवडीचा कारखाना परक्या भांडवलाचा. त्याला उत्तर देण्याची जिद्द एका मराठी मुलखातल्या उद्योजकाची. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली आणि वालचंद तिच्यामागे उभे राहिले. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करारही झाला. पण युद्धकाळात वसाहतीच्या सरकारने या उद्योगाला हात दिला नाही.

१२/ अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या मोटारी. डॉज आणि फार्गो हे ट्रक. नावे अमेरिकन, करार अमेरिकन, पण कारखाना भारतीय भांडवलाचा आणि हात मुंबईचे.

१३/ येथे विक्रेत्यांना अडचणीची वाटेल अशी एक गोष्ट. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ही क्रायस्लरने परदेशी बाजारांसाठी घडवलेली रूपे मुळात प्लायमाउथच होती. जाळी, चिन्हे आणि नावाची पाटी तेवढी वेगळी. आज त्याच भावंडांना तीन वेगवेगळी ‘दुर्मीळ रत्ने’ म्हणून मांडले जाते. दुर्मीळ आहे ती कुर्ल्याच्या जोडणीची कहाणी, आणि ती कुणी सांगत नाही.

१४/ याच पट्ट्यात तिसरे नाव माझगावचे. १९४९ साली महिंद्रने तेथे विलीज जीपची जोडणी सुरू केली. शिवडीत जनरल मोटर्स, माझगावात विलीज, कुर्ल्यात क्रायस्लर. लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरात तीन अमेरिकन वाहनकुळे मुंबईच्या कामगारांच्या हातून उभी राहत होती. पर्यटनाच्या नकाशात यांपैकी किती जागांवर खूण आहे, हे ज्याने त्याने शोधून पाहावे.

१५/ मग ही कुळे गेली कुठे? स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने स्पष्ट भूमिका घेतली: ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने सुटे भाग येथेच घडवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा आवरावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी कारखाने बंद करून १९५४ पर्यंत काढता पाय घेतला.

१६/ भारतीय बाजार लहान होता, इंजिन घडवण्याइतकी मागणी नव्हती, हे त्या कंपन्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण पाव शतक शिवडीत राहूनही त्यांनी येथे मोटारीचे इंजिन घडवण्याचा मार्ग धरला नाही, हेही तितकेच खरे. ज्या काळाला आज ‘अमेरिकन गाड्यांचे सुवर्णयुग’ म्हटले जाते, त्यात मुंबईच्या वाट्याला जोडणी आली, घडण आली नाही. स्मरणरंजन करणाऱ्यांनी सोन्याबरोबर हे कथीलही तोलावे.

१७/ कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. त्या पुढची कित्येक दशके चालत्या ठेवल्या त्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी. सुटा भाग मिळेना, तेव्हा लेथवर घडवला. तोही जमेना, तेव्हा चोरबाजारात दुसऱ्याच गाडीचा शोधून बेतला. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि तहानलेल्या अमेरिकन इंजिनांच्या जागी कित्येक गाड्यांत डिझेल इंजिने बसली. गाडी मोडली नाही, कारण कुणीतरी ती मोडू दिली नाही.

१८/ आजच्या जीर्णोद्धारात सर्वांत आधी भंगारात जाते ते हेच सारे. मिस्त्रीने घडवलेला भाग ‘डुप्लिकेट’ ठरतो. बदललेले इंजिन ‘कलंक’ ठरते. परदेशातून नवा भाग मागवून त्या जागी बसवला जातो आणि त्याला ‘अस्सल’ म्हटले जाते. म्हणजे मुंबईत साठ वर्षे झिजलेला तुकडा नकली, आणि परवा कुरिअरने आलेला तुकडा अस्सल! या तर्काला इतिहास म्हणता येत नाही.

१९/ यावर एक आक्षेप रास्त आहे. पदरचा पैसा घालणारे हौशी संग्राहक नसते, तर या गाड्या कधीच वितळल्या असत्या. मान्य. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु वाचवण्याचे पुण्य गाठीशी असले, म्हणून पुसण्याचा परवाना मिळत नाही. मंदिर वाचवणाऱ्यालाही शिलालेख रंगवण्याचा अधिकार नसतो.

२०/ दुसरा आक्षेप: आराखडा डेट्रॉइटचा, मग गाडी अमेरिकनच. तसे असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला इंग्रज इमारत म्हणून सोडून द्यावे लागेल. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. पण दगड येथला, घडवणारे हात येथले, आणि तिच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा. इमारतीला जो न्याय, तो मोटारीला का नाही?

२१/ कायद्याची नजरही याच बाजूला झुकलेली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा मोटार. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली. नवी नोंदणी २०,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखण्याची मुभा. पाऊल स्वागतार्ह आहे. पण व्याख्या पुन्हा वाचावी.

२२/ ‘वैयक्तिक वापराची’ या दोन शब्दांनी मालवाहू ट्रक बाहेर पडला, टॅक्सी बाहेर पडली. ‘मोठा फेरफार नसलेली’ या शब्दांनी डिझेल इंजिन बसवून जगवलेली मोटारही दारातच अडली. शेठजींची ब्युइक वारसा ठरते. गोदीतून गाठी वाहणारा फार्गो ठरत नाही. ज्या जातीच्या उघड्या ट्रकांतून लालबाग-परळचे गणपती गिरगाव चौपाटीकडे निघत आले, त्या जातीला वारशाच्या यादीत ओळ नाही.

२३/ २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा शहर हळहळले. ते योग्यच झाले. पण पद्मिनी ज्या कुर्ल्याच्या कारखान्याची लेक, त्याच कारखान्याच्या थोरल्या लेकी, म्हणजे डॉज आणि प्लायमाउथ, आज परदेशी पाहुण्या म्हणून विकल्या जातात. त्या कारखान्याच्या जमिनीवर आता निवासी संकुल उभे आहे.

२४/ उपाय अवघड नाही. जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बॉनेटखाली जोडणी करणाऱ्या कंपनीची पट्टी उरली असेल, तर ती घासू नये, रंगवू नये. जुने आरसी बुक, ‘बीएम’ने सुरू होणारा जुना मुंबईचा क्रमांक, गॅरेजच्या पावत्या जपाव्यात. काढलेला भाग चिठ्ठी लावून गाडीबरोबरच पुढच्या मालकाला द्यावा. हयात मिस्त्रींच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात; लोखंडापेक्षा माणूस लवकर जातो.

२५/ सरकारने विंटेजच्या व्याख्येत ट्रक आणि टॅक्सी घ्यावी, आणि दुरुस्तीच्या इतिहासाला दोष मानणे थांबवावे. खरेदीदाराने विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही गाडी जोडली कुठे? उत्तर शिवडी किंवा कुर्ला असेल, तर त्याने भाव पाडू नये. खरे तर त्या उत्तरासाठी दोन पैसे जास्तच मोजावेत. कारण तशाच शेव्हरोलेट जगात अनेक ठिकाणी मिळतील, शिवडीची शेव्हरोलेट शिवडीतच झाली.