अडीच सेकंदांचा तुकडा

सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज भरून घ्यायचा आणि बटणांवर वाजवायचा. "आवाज चोरायचं यंत्र!" असं आमच्याकडे भजनाला बसणारे म्हणतात. मला ते पटत नाही. (मी साधा कारकून, संगीतातला अधिकारी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.)

१९८७ साली अमेरिकेत ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० आला. त्यात सगळे मिळून जेमतेम १० सेकंद आवाज मावायचा, एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी युक्ती काढली. ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर पळवून भरायची, मग यंत्रात आवाज खाली उतरवायचा. जागा वाचली. पण उतरवताना आवाजाला एक खरखर आली, जी मूळ तबकडीत नव्हतीच. तीच त्या संगीताची ओळख झाली. याला चोरी कसं म्हणायचं?

आज ती खरखर सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. माझ्या भाच्याने सॅम्पलर घेतला आणि नेटवरच्या तयार आवाजांनी भरून टाकला. घुमटसुद्धा तयार! घरात खुंटीला घुमट टांगलेलं असताना. चोरी नव्हे, पण हा आळस आहे.

परवा त्याला ताईच्या स्वयंपाकघरात नेलं. नारळ खोवण्याचा अर्ध्या सेकंदाचा आवाज भरला, दोन सप्तकं खाली उतरवला. दोन सेकंदांचा झाला. वाळूवरून होडी ओढल्यासारखा. ताई घाबरून विचारते, "काय रे मोडलंत?"